गालात धरलेली गोळी

"तोंड उघड बे. जीभ वर कर."

एवढं म्हणून तो अंगठ्यानं माझा जबडा खाली दाबायचा, बाजारात बैलाचे दात बघतात तसा. मान वाकडी करून गालाच्या कोपऱ्यापर्यंत डोकवायचा. "बस" म्हणायचा. माझ्या फुप्फुसाची काळजी अशी घेऊन झाली की बिडी पेटवायला अंगणात जायचा.

आमची ओळख बालवाडीपासूनची. मी पत्रकं वाचत वाढलो, तो बैलांमागं. मी व्यवस्था बदलायला निघालो, तो उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर झाला. असा एक तुमच्याही गावात असेल: पुढाऱ्याच्या सभेला सगळ्यात आधी हजर, गळ्यात गमजा, आणि भाषण कशावर होतं विचारलं तर "लई भारी झालं" एवढंच सांगणारा. मी त्याला तोंडावर सतरंज्या उचलणारा म्हणायचो.

"उचलाव्या लागतेत बे," तो म्हणायचा. "तुझ्या सभेला सतरंजीच लागत न्हाई."

माझं एकही पत्रक त्यानं वाचलं नाही, पण चिकटवली सगळी. 'क्षयरोग लपवू नका' हे पत्रक युसूफ वडगावच्या स्टँडवर त्यानंच खळ लावून डकवलं. पुढच्याच वर्षी तो रोग मला झाला, आणि मी पहिलं काम केलं ते लपवण्याचं. गोळ्या द्यायला येणाऱ्या गावच्या आशाताईंना हात जोडून सांगितलं, रोज दारात येऊ नका, लोकांना कळेल. रोजच्या गोळ्या देण्याचं काम मग यानं अंगावर घेतलं.

लोकांना 'पित्त' सांगायचं ठरलं होतं. त्याला तेवढंही जमलं नाही. हॉटेलात कुणी विचारलं की आधी त्याला खोटं सुचायचं नाही, आणि सुचलं की थांबायचं नाही. आठवड्याभरात मला मूतखडा, मूळव्याध आणि साखर झाली. शेजारच्या म्हातारबाबांनी मूतखड्यावर पायलीभर कुळीथ पाठवले. ते मी महिनाभर खाल्ले.

गोळ्यांनी फार मळमळायचं. एकदा मी गोळी गालात धरली आणि तो वळल्यावर गोठ्यामागं थुंकलो. थोड्या वेळानं तो तीच गोळी तळहातावर घेऊन समोर उभा.

"कावून थुकलास? बैल बी असंच करतो. पण बैलानं पत्रक काढलेलं नसतं."

"ही हुकूमशाही आहे," मी म्हणालो.

"असंल. तोंड उघड."

जबड्याची तपासणी त्या दिवसापासून सुरू झाली. उपाशीपोटी मळमळतं म्हणून त्याच्या घरून दूध-भाकरीही येऊ लागली. एकदा त्यानं धर्मापुरीच्या देवळातून काळा दोरा आणला. मी अंधश्रद्धेवर तासभर बोललो. त्यानं सगळं नीट ऐकलं, आणि ऐकता ऐकता दोरा माझ्या दंडाला बांधला.

दसऱ्यानंतर तो ट्रॅक्टर घेऊन कारखान्याकडं गेला. माझ्या दोन महिन्यांच्या गोळ्या राहिल्या होत्या. "आठ वाजता व्हिडिओ लावीन," जाताना म्हणाला. "चुकलास तर गाडी टाकून यीन." हा माणूस खरंच आला असता, म्हणून मी चुकलो नाही. फोन आला की घरात जाऊन दार लावून घ्यायचो.

परवा मात्र आठ वाजले तेव्हा मी हॉटेलात होतो. सगळी बाकडी भरलेली, समोर तेच म्हातारबाबा. फोन वाजला. तो उचलून मागच्या मोरीकडं जावं म्हणून मी उठलोही.

"कुठं पळालास बे?" पडद्यावर तो. मागं उसाचे वाढे, डोक्याला तोच गमजा. "हितं रेंज न्हाई. दाव लवकर."

मी बसलो. खिशातून गोळ्या काढल्या आणि पाण्याच्या घोटाबरोबर गिळल्या.

"मूतखड्याच्या का?" म्हातारबाबांनी विचारलं.

"टीबीच्या," मी म्हणालो.

"मंग माझे कुळीथ वायाच गेले म्हणायचे," म्हातारबाबा म्हणाले, आणि बशीत चहा ओतू लागले.

मी फोन समोर धरला, आ केला, जीभ वर केली. पडद्यावर त्याची मान वाकडी झाली, डोळे बारीक झाले आणि चित्र तिथंच थिजलं. रेंज गेली होती.

तो "बस" म्हणेपर्यंत तोंड मिटायचं नाही, असा नियम होता. भरल्या हॉटेलात मी तसाच बसून राहिलो.