इतकी मदत कशासाठी?

आष्ट्याजवळच्या दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत आम्ही तिघं होतो. मी, माझ्याच वयाचा एक सहकारी आणि आम्हा दोघांपेक्षा वरिष्ठ असलेले एक दादा. दूध तपासायचं नवं मशीन येणार म्हणून साताऱ्याच्या ट्रेनिंगला मला पाठवायचं ठरलं. दुधाच्या टँकरचे नमुने तपासायची माझी सकाळची पाळी कोण करणार, यावरून आता भांडण होणार, असं मी धरूनच चालले होते.

दादा लगेच म्हणाले, "जा की. तुझं काम आमी बगतो."

स्वतःची खुर्चीसुद्धा कुणाला न देणारा हा माणूस! माझ्या मनात शंका आली. घरी नवऱ्याला सांगितलं. तो फौजेतून निवृत्त झालेला. म्हणाला, "फुकट कोण वझं उचलत न्हाई. जपून ऱ्हा."

ट्रेनिंगला गेल्यावर रोज संध्याकाळी दादांचा मेसेज यायचा, 'आज काय शिकलीस?' मी मोघम उत्तर द्यायचे. बसल्या जागी माझ्याकडून सगळं काढून घेणार आणि मशीन स्वतःच्या ताब्यात ठेवणार, अशी माझी खात्रीच झाली. एकदा दुपारी मीच डेअरीत फोन केला. टँकरचं काय झालं विचारलं, तर दादा म्हणाले, "हितलं इचारू नगंस. तिकडं ध्यान दे," आणि फोन ठेवला. म्हणजे काहीतरी लपवतायत!

परत आले तर माझं टेबल जागेवर नव्हतं. सहकाऱ्याला विचारलं, तर तो नुसता हसला.

दादांनी मला आतल्या खोलीत नेलं. खिडकीपाशी नवं मशीन आणि त्याला लागून माझं टेबल.

"तुझा हात बसंस्तवर टँकर आमी दोघं बगू. तू हितनं उठायचं न्हाई."

"आवं दादा, पर यात तुमचं काय?" मी स्पष्टच विचारलं.

ते म्हणाले, "मलाबी मागं सांगलीला धाडलं हुतं. आलो त्याच दिवशी टँकरवर हुबं केलं. मशीनला हात लावायला मिळाला तवर सगळं इसरलो हुतो. काय शिकलास म्हणून एकानंबी इचारलं न्हाई. मशीन बिघडलंय म्हणून सांगून मीच झाकून ठिवलं. बिघडलं नव्हतं गं ते."

खरं सांगते, तरी माझा पूर्ण विश्वास बसला नाही. पहिल्या नमुन्याचं फॅट भलतंच आलं, तेव्हा मी आधी त्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. कुणी हसत नव्हतं. सहकारी गुपचूप दुसरी बाटली घेऊन आला. दोन-तीनदा चुकल्यावर आकडा जुन्या पद्धतीच्या आकड्याशी जुळला.

मग मी म्हटलं, "या दोघंबी. हे मशीन धुवायचं कसं, ते आदी दावते."

दादा चष्मा पुसून पुढे सरकले.