झेंडूच्या हाराखालचा वॉल्व्ह

दसऱ्यानंतरचा पहिला रविवार, सकाळची वेळ. वाळूजच्या कारखान्यातला टाक्या धुण्याचा विभाग. हजर: मी, म्हणजे देखभाल विभागाची प्रमुख; आमचे फिटर, ज्यांना सगळा कारखाना चाचा म्हणतो, आणि नंतर, कुणी बोलावलेलं नसताना, उत्पादन विभागाचे साहेब. गैरहजर: फुलंब्रीहून रोज येणारा कंत्राटी कामगार. त्याच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती आणि त्याचा गेटपास साहेबांनी बंद करून ठेवला होता.

काम: टाकीखालचा बॉल वॉल्व्ह साफ करून पुन्हा जोडणे.

बॉल वॉल्व्हच्या पोटात स्टीलचा गुळगुळीत गोळा असतो, आरपार भोक पाडलेला. भोक पाइपच्या रेषेत आलं की पाणी वाहतं, आडवं झालं की थांबतं. आत काय आहे ते दिसत नाही, म्हणून वर हँडल. हँडल पाइपच्या रेषेत असेल तर वॉल्व्ह उघडा, आडवं असेल तर बंद. कुठल्याही कारखान्यात जा, हेच.

आमच्या या टाकीखाली मात्र उलटं होतं. हा वॉल्व्ह बहुतेक वेळ बंदच असतो, आणि बंद असताना हँडल वाटेत आडवं येतं. ड्रमच्या ट्रॉल्या त्यावर धडकायच्या. म्हणून फार पूर्वी, तेव्हाच्या कुणा साहेबांच्या सांगण्यावरून, चाचांनी हँडल काढून काटकोनात फिरवून बसवलं आणि कुणी फसू नये म्हणून त्याला लाल चिंधी बांधली. नवीन माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचं, चिंधीवाला उलटा आहे. एवढीच आमची सुरक्षा! मी इथे रुजू झाल्यापासून बैठकीत हा मुद्दा काढत होते. उत्तर ठरलेलं असायचं: सगळ्यांना माहीत आहे, मॅडम.

खंडेनवमीला सगळी यंत्रं धुऊनपुसून काढली. पूजेला मळकी, तेलकट चिंधी बरी दिसत नाही, म्हणून कुणीतरी ती कापून टाकली. हळदकुंकू वाहिलं, हँडलला झेंडूचा हार घातला. सुट्टी संपल्यावर पहिल्या पाळीला तो कामगार वॉल्व्हच्या पुढची गाळणी साफ करायला आला. हँडल आडवं. चिंधी नाही. म्हणजे वॉल्व्ह बंद. त्याने गाळणीचं झाकण सैल केलं आणि उघड्या राहिलेल्या वॉल्व्हमधून तिथे येऊन तुंबलेलं सोड्याचं कढत पाणी त्याच्या हातावर आलं.

दवाखान्यात त्याने हाताबद्दल एक शब्द काढला नाही. म्हणाला, "म्याडम, म्या नीट बघितलं वो. चिंधी नव्हती. हार व्हता. आता मला काढतेत का कामावरून?"

साहेबांनी अहवालात लिहिलं होतं: कामगाराचा निष्काळजीपणा. ते वाचल्यापासून माझं डोकं फिरलेलं होतं.

चाचांनी टेबलावर स्वच्छ फडकं अंथरून सगळे भाग क्रमाने मांडले. गोळा ज्यांवर टेकतो त्या जुन्या टेफ्लॉनच्या सीटवर ओरखडे होते, त्या बदलल्या. गोळ्याला हँडलशी जोडणारा दांडा आतून वर घेतला, त्याचा पाय गोळ्याच्या खाचेत बसवला. बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळत गेले. हवा भरली, साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा नाही. उरलं फक्त हँडल.

"चाचा, सुलटं बसवायचं."

"मॅडम, इत्ते साल चाललं ना तसंच? चिंधी ज्यानं काढली त्याला पकडा की. मी तर बांधली व्हती."

"तुमची चिंधी रोज ड्युटीवर येते का? हजेरी लावते?"

"आदमी से जास्त लावते," ते फणकाऱ्याने म्हणाले. पण हँडल हातातच धरून राहिले.

तेवढ्यात साहेब आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, रविवारीसुद्धा, हातात चहाचा कप. "मॅडम, होतं तसंच बसवा."

"का?"

"अहो, अहवाल वर गेलाय. आज तुम्ही हँडल फिरवलंत तर चूक कुणाची ठरते?"

"ज्याची आहे त्याची."

"एका कंत्राटी माणसासाठी सगळ्यांना गोत्यात आणताय."

"त्याचा हात भाजलाय, साहेब. गोत्यात तो आहे. तुम्ही अजून चहा पिताय."

साहेब चाचांकडे वळले. "चाचा, तुम्ही बसवा हो. पहिल्यासारखं."

चाचांनी दांड्याच्या माथ्यावरची चीर बोटाने चाचपली. आतलं भोक कुठल्या दिशेला आहे ते ही चीर सांगते. मग हातातला पाना साहेबांपुढे धरला. "उलटा पायजे तर तुमीच बसवा, साब. मेरे हाथ से एक बार हुआ. आता पुन्हा नाय."

पाना ग्रीसने माखलेला होता. साहेबांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग आपल्या बाह्यांकडे. "उद्या ट्रॉली धडकून वॉल्व्ह उघडला तर मला सांगायला येऊ नका," एवढं म्हणून ते निघून गेले.

राग याचा, की तेवढं त्यांचं बरोबर होतं. नुसतं हँडल सुलटं करून प्रश्न सुटत नव्हता. मी भंगारातून लोखंडी अँगल काढायला लावले आणि चाचांनी त्याच दुपारी हँडल सुलटं बसवून त्याभोवती कठडा वेल्ड केला. ट्रॉलीला आता वळसा पडतो. ट्रॉलीवाले कुरकुर करतात. करू देत. पिवळा रंग मी स्वतः दिला. अहवालासोबत जोडायला मी हँडलचे आधीचे आणि नंतरचे फोटो वर पाठवले. खाली लिहिलं की या कामगाराने हँडल बघितलं होतं, आणि हँडल खोटं बोलत होतं.

उत्तर आलेलं नाही. चाचा जाता-येता विचारतात, "आया क्या अपना फुलंब्रीवाला?" त्याच्या हाताची पट्टी निघालीय, डॉक्टरांनी कामाला परवानगी दिलीय. तो सकाळी बसने येतो, गेटवर उभा राहतो, परत जातो.

वॉल्व्ह झाला. कठडा झाला. गेटपास बाकी आहे.