होते गुरुजी

गुरुजी जिवंत माणसाबद्दल बोलतानासुद्धा 'होते' म्हणायचे. समोर बसलेल्याकडं हात करून म्हणायचे, "हे फार सज्जन गृहस्थ होते." तो बिचारा इकडंतिकडं बघायचा. गुरुजींच्या मनात वाईट काही नसायचं, जिभेला वळणच तसं पडलं होतं. तेव्हाच्या औरंगाबादेत कोणी लिहिणारा मेला की शोकसभेत पहिलं भाषण गुरुजींचं. आयुष्यभर मेलेल्यांबद्दल बोललेला माणूस जित्यांबद्दल वेगळं कसं बोलणार? गावानं त्यांचं नावच 'होते गुरुजी' पाडलं होतं.

माझा भोंग्याचा धंदा. लग्न, भंडारा, इलेक्शन, शोकसभा, सगळीकडं माझाच माईक. शिक्षण चौथी नापास, त्यामुळं साहित्यातलं मला ओ का ठो कळत नाही. पण गुरुजींचं भाषण मी काम सोडून ऐकायचो. आधी ते माझ्याजवळ येऊन हळूच सांगायचे, "आवाज बारीक ठेवा. गेलेल्या माणसाला ओरडून बोलावं लागत नाही." मूळचे गंगापूरकडचे. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले अन् पोलीस ॲक्शननंतर मराठीचे मास्तर झाले. बोलता बोलता मधेच 'मरहूम' म्हणून जायचे, अन् त्यांच्या तोंडी तो शब्द 'कैलासवासी'पेक्षा जड वाटायचा.

दरसाल डिसेंबरात ते एका साप्ताहिकात सालभराच्या साहित्याचा आढावा लिहीत. कोणती पुस्तकं आली, कोण माणसं गेली. मी सांगतोय त्या साली पुस्तकं कमी आली अन् माणसं लई गेली.

सुरुवात एका कवीपासून झाली. त्यांच्या सत्कारात गुरुजी म्हणाले, "आमचे कवी मोठ्या मनाचे होते." सभा हसली. कवी उठून म्हणाले, "गुरुजी, हार माझ्या गळ्यात घाला, फोटोला नको." मीपण हसलो. उन्हाळा संपायच्या आत मी त्याच हॉलात त्यांच्या शोकसभेचे भोंगे बांधत होतो. पावसाळ्यात एका कथालेखिका बाईंचं तसंच झालं. ग्रंथालयाच्या पायरीवर गुरुजी त्यांना सहज बोलले होते, "तुमच्या लिखाणात आपली बोली होती." पोळ्याच्या आधी बाई गेल्या. मग लोक टरकले. पुस्तकाच्या प्रकाशनाला गुरुजींना बोलावणं बंद झालं. एक धिप्पाड कादंबरीवाला त्यांना चौकात बघून सायकल वळवून चितेगावच्या रस्त्याला लागला. त्याचं घर पार उलटीकडं होतं.

गुरुजींना हे कळत होतं. माझ्या दुकानात बसले की वाक्य बोलायच्या आधी थांबायचे, ओठ हलवून बघायचे. मला त्या थांबण्याचंच जास्त भ्याव वाटायचं.

पुंडलिकनगरात आम्ही शेजारी. माझी बायको गिरजा, तिला वाचायचं वेड. गुरुजी ग्रंथालयातून तिला कादंबऱ्या आणून द्यायचे अन् शेवटावरून दोघांची भांडणं व्हायची. ती विचारायची, बाईला मारूनच टाकायचं व्हतं तर एवढं जाड पुस्तक कशापायी लिहिलं. गुरुजी असे खजील व्हायचे, जसं काही त्यांनीच लिहिलंय. तिला जाऊन आता किती तरी वर्षं झाली. मी म्हातारा झालो, पण घरात तिचं नाव काढताना अजून मला 'होती' म्हणवत नाही.

दसऱ्याला गुरुजी आमच्याकडं जेवायला होते. वाटी रिकामी करून म्हणाले, "आमटी छान होती." ते ठीकच. मग म्हणाले, "वहिनी फार समजूतदार होत्या."

गिरजा पळी घेऊन पुढ्यातच उभी. म्हणाली, "होत्या व्हय? मग ही वाढतीय कोण?"

ती हसली. मी नाही हसलो. मी गुरुजींचं मनगट धरलं अन् 'आहेत' म्हणायला लावलं. परत म्हणायला लावलं. ते म्हणाले, अन् भात तसाच टाकून उठले.

दिवाळीत तिला ताप आला, तो उतरेना. डॉक्टरनं रक्तातलं कसलं तरी नाव सांगून भरती करून घेतलं. मी तडक गुरुजींच्या खोलीवर गेलो अन् तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी बोलणंच सोडतो." अन् सोडलं. शोकसभा नाकारल्या. त्या सालाचा आढावा लिहिला नाही. दवाखान्यात यायचे अन् मुक्यासारखे बाकावर बसायचे.

गिरजाची एक कादंबरी अर्धी राहिली होती. धरणात बुडणाऱ्या गावातल्या एका बाईची. आता तिच्यानं वाचवत नव्हतं. त्या बाईचं पुढं काय झालं म्हणून ती गुरुजींच्या मागं लागली. गुरुजी नुसती मान हलवायचे. मला कळेना. गिरजाला कळलं. गोष्ट म्हटली की ती 'होती'नंच सांगावी लागते.

"भ्यालात व्हय, गुरुजी?" ती म्हणाली. "मग आत्ता चाललंय असं सांगा."

तसं गुरुजी सांगायला लागले. बाई घरात आहे. पाणी वेशीपाशी आलंय. बाई चूल सारवतीय. रोज दुपारी थोडं थोडं. एकेका वाक्याला त्यांच्या कपाळावर घाम यायचा. पाणी काही वेशीच्या आत येऊ देत नव्हते ते. गिरजा म्हणायची, "पुढं चला की, किती सारवती ती?" गुरुजी मान खाली घालून परत चूल सारवायला घ्यायचे.

एका दुपारी ते आले तेव्हा खाटेवर नवी चादर घातलेली होती.

गुरुजींची अन् माझी शेवटची भेट गिरजाच्या दहाव्याला, गोदावरीच्या काठी, कायगावच्या घाटावर. तिथून ते गंगापूरच्या जीपमध्ये बसून गावी गेले अन् परत शहरात आले नाहीत. त्या दिवशी पिंडाला कावळा शिवेना. तिची काय इच्छा राहिली म्हणून सगळे विचारात पडले. पोराचं लग्न थाटात लावू म्हणून झालं, तिच्या आईला सांभाळू म्हणून झालं. कावळे लांब झाडावर बसून. गुरुजी पार मागं उभे होते. मी त्यांना पुढं बोलावलं.

"गुरुजी, त्या बाईचं पुढचं सांगा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग पिंडाकडं तोंड करून उकिडवे बसले.

"पाणी वेशीतून आत आलं होतं," गुरुजी म्हणाले. "गाव रिकामं झालं होतं. ती एकटीच मागं राहिली होती."

कावळा कधी आला ते मी पाहिलं नाही. मेहुण्यानं माझ्या खांद्याला हात लावला. "दाजी, शिवला. चला, उन्हं लई झाली."

"थांब जरा," मी म्हणालो. "तिचं अजून व्हायचंय."

सगळे थांबले. पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत गुरुजींनी सांगितलं. मग ती उठली होती, दाराला बाहेरून कडी घातली होती अन् मागं न बघता निघाली होती.