धुतलेलं बियाणं

बीजप्रक्रियेच्या शेडमध्ये ताईचं ऐकलं नाही तर दात पडतो, असं ड्रायव्हर लोक हसून सांगायचे. थाप नव्हती हं! पेरणीयंत्र रेसला लागल्यासारखं पळवणाऱ्या एकाचा पुढचा दात तिनं पान्यानं खरंच पाडला होता. हातमोज्यांच्या भोकांतून बियाण्याला लावायचं गुलाबी औषध झिरपून तिचे तळवे कायमचे गुलाबी झालेले. धाकट्या भावावर मात्र तिनं कधी हात उचलला नाही. त्याला तिनंच कडेवर वाढवलेलं.

त्या वर्षी तिनं त्याला बजावलं होतं, "सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळलेत. किती उगवतात ते मोजू दे, मग औषध लावायचा ड्रम फिरव." पण धाकट्याला दम कुठला! चाळीस एकरांचं बियाणं, एकरी तीस किलोच्या हिशेबानं, त्यानं एका सकाळी औषध लावून मोकळं केलं. चार दिवसांनी पोतं उलगडलं, तर ब्याण्णव दाणे उगवलेले. अशा बियाण्याला एकरी चोवीस किलो पुरतं. त्याहून दाट पेरलं की झाडं नुसती उंच वाढून लोळतात, शेंगा धरत नाहीत. ताईनं चोवीसच पेरलं. औषध लावलेली चार पोती उरली. पुढच्या वर्षी ते बियाणं उगवणार नाही, आणि विष लागलेलं म्हणून खाताही येणार नाही; खड्ड्यात पुरायचं, दुसरा इलाज नाही.

पेरणी आटोपल्यावर ती शेडमागे गेली, तर हौदाचं पाणी गुलाबी! ताडपत्रीवर सोयाबीन वाळत घातलेलं, आणि धाकटा पहिलं पोतं शिवत होता.

"गिरणीचा ट्रक येतोय दुपारी," तो म्हणाला. "पिठात काय कळणार आहे कुणाला?"

"अरे, लोक खातील ते!"

"चारदा धुतलंय, ताई. उगाच डोकं खाऊ नकोस."

तिनं विळा उचलला आणि पोतं उभं फाडलं. त्यानं ड्रमचा लोखंडी दांडा घेऊन तिच्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज शेडच्या दारात उभ्या असलेल्या त्यांच्या आईलाही ऐकू गेला. ताईनं कपाळ घातलं थेट त्याच्या नाकावर. तो उताणा पडला, तशी ती त्याच्या छातीवर बसली आणि दुसऱ्या, धड हातानं मूठभर सोयाबीन त्याच्या ओठांशी धरलं.

"धुतलंय ना? खा मग! उघड तोंड!"

नाकातून रक्त भळभळत होतं. श्वास घ्यायला तोंडच काय ते उरलं होतं. तरी त्यानं दात आवळून धरले. चेहरा काळानिळा पडला, पण ओठ हलेनात.

"सोड गं, मरेल तो!" आई धावत येऊन ताईला ओढू लागली.

"मी कुठं धरलंय त्याचं तोंड? बघ ना!"

आईनं पाहिलं: तोंड त्यानंच आवळलं होतं, धुतलेला एक दाणाही आत जाऊ नये म्हणून. तिचे हात आपोआप सुटले. मग ताईनं मूठ बाजूला घेतली, आणि त्यानं आ वासून हवा ओढली.

आईनं शेडमधून कुदळ आणून त्याच्यापुढं टाकली.

"खण," ती म्हणाली. "चारी पोती मावली पाहिजेत."