जॉन्स्टनांचा फाटा

डिम्फना मॅकगोर्टीनं उभी हयात सायकलवरून टपाल वाटलं. आयर्लंडमधल्या ड्रमकिलच्या टेकड्या, टेकड्यांच्या कुशीतली तळी, तळ्यांवरून येणारा तिरपा पाऊस, सगळं तिनं पायडल मारता मारता पाहिलं. कुठल्या घरचा कुत्रा चावरा आणि कुठली म्हातारी चहा पाजल्याशिवाय सोडत नाही, हे तिला तोंडपाठ. पुढं पेन्शन लागली, सायकल गोठ्यात गेली, पण लोकांची तिच्या दाराची सवय सुटली नाही. परदेशातून कुणी पणज्याचं घर शोधत आलं, की दुकानदार बोट दाखवायचा, "ते हिरवं दार. डिम्फनाला विचारा."

आणि डिम्फनानं उभं राहायला जागा दाखवल्याशिवाय कुणाला परत पाठवलं नाही. कधी ती पडकी भिंत असायची, कधी काटेरी झुडपांत बुडालेलं नुसतं जोतं. "तुमची पणजी इथं चूल पेटवायची," ती म्हणायची. पाहुण्याचे डोळे भरून यायचे. त्यासाठी ती धुतलेला एक रुमाल जादा बाळगायची.

त्या ऑगस्टमध्ये आलेले भाऊबहीण मात्र रडायला आले नव्हते. भांडायला आले होते.

लिओ आणि एडना जॉन्स्टन. दोघंही सत्तरी ओलांडलेली, कॅनडाच्या गव्हाच्या मुलखातली. विमानात त्यांनी मुद्दाम वेगवेगळ्या रांगा मागून घेतल्या होत्या. डिम्फनाच्या अंगणात मोटार थांबली आणि तिची दोन्ही दारं एकदमच आपटली.

डिम्फनानं किटली चढवली, सोडा ब्रेड कापला, लोणी पुढं सरकवलं. "हं, आता सांगा. पण एकेकानं."

"आमच्या आजीआजोबांची कबर आहे तिकडं, शेताच्या कडेला," लिओ म्हणाला. "एकाच खड्ड्यात दोघं. वरची लाकडी फळी कुजून गेली. आता दगड बसवायचाय. मी म्हणतो, वर क्रूस कोरायचा आणि खाली त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना. चांगली कॅथलिक माणसं होती. तर ही म्हणते–"

"मी म्हणते, प्रॉटेस्टंट माणसांच्या उरावर पोपची प्रार्थना कशाला?"

"ऐकलंत? असं हे किती वर्षं चाललंय! दगड त्या कारागिराच्या अंगणात कोरा पडलाय. त्याच्या कोंबड्या बसतात त्यावर."

एडना एवढा वेळ ताठ बसली होती. आता तिचा आवाज उतरला. "बाई, आम्हा दोघांनाही मूलबाळ नाही. आम्ही गेलो, की ती कबर कुणाची हे सांगणारंही कुणी उरणार नाही. दगड बसला तर आमच्याच हातून. पण खोटं कोरलेलं मला चालणार नाही."

"मलाही नाही," लिओ म्हणाला.

"मग तुमच्या वडिलांनी काय सांगितलं?"

"बाबा? ते फक्त गुरांशी बोलायचे. आणि आमच्याकडं ना हे चर्च होतं, ना ते. चहूकडं गहू."

तेवढ्यात वरच्या शेतावरचा सेसिल शॉ आत आला. हा लग्न न केलेला म्हातारा. दुपारी त्याला स्वतःच्या घरचा चहा कडू लागायचा, म्हणून तो डिम्फनाकडं यायचा. तो प्रॉटेस्टंट, रविवारी चर्चला जाणारा; ती कॅथलिक, चॅपलला जाणारी; आणि बाकीचे सहा दिवस दोघं एकमेकांची खोडी काढायला मोकळे.

"जॉन्स्टन?" सेसिल खुर्ची ओढत म्हणाला. "आजोबा कुठल्या पायानं खणायचे?"

"त्यांना संधिवात होता," लिओ बिचारा म्हणाला. "ते खणतच नसत."

डिम्फनाला हसू आवरेना. "अहो, तो धर्म विचारतोय. आमच्यात म्हणतात, कॅथलिक एका पायानं फावडं दाबतो आणि प्रॉटेस्टंट दुसऱ्या. सेसिल, गप रे! पाहुणे आहेत."

"मग आडनावावरून ओळख तू! जॉन्स्टन चॅपलात पोत्यानं आणि चर्चमध्येही पोत्यानं."

ते खरंच होतं. डिम्फनानं पाहुण्यांकडं पाहिलं. आडनाव मुकं असेल, पण नावं? लिओ हे तर पोपांचं नाव. आणि एडना नावाच्या ज्या तिला आयुष्यभर भेटल्या, त्या सगळ्या चर्चच्या वाटेवर.

"तुमची नावं कुणी ठेवली?"

"माझं आजोबांनी."

"माझं आजीनं."

"बरं. आता लिओ, आजोबा कॅथलिक होते हे तुम्हाला कशावरून कळलं?"

"कळायचंय काय? रोज संध्याकाळी दूध काढून झालं, की आजोबा मला, बाबांना आणि काकांना गोठ्यातच गुडघ्यांवर बसवायचे. हातात जपमाळ. गाईसुद्धा गप्प उभ्या राहायच्या."

"थापा!" एडना म्हणाली. "त्याच वेळी मी, आजी आणि लेटी आत्या स्वयंपाकघरात स्तोत्रं म्हणायचो. जपमाळ दिसली असती तर आजीनं चुलीत घातली असती!"

"तू कधी गोठ्यात पाय ठेवलास?"

"आणि तू कधी स्वयंपाकघरात? जेवण्याखेरीज?"

डिम्फनाचा कप ओठांपाशीच थांबला. याच्या गोष्टीत सगळे पुरुष. तिच्या गोष्टीत सगळ्या बायका.

"सेसिल," ती हळूच म्हणाली, "तुझी ती ब्रिजिड आत्या नन झाली होती ना रे?"

"झाली होती. त्याचं आत्ता काय?"

"तू एवढा कट्टर प्रॉटेस्टंट, आणि तुझी सख्खी आत्या नन कशी?"

"तुला ठाऊक नाही होय? माझी आजी चॅपलातली होती. पूर्वी असं लग्न ठरलं की आधीच बोली व्हायची. मुलगे बापामागं, मुली आईमागं. म्हणजे नंतर घरात भांडी फुटायला नकोत. म्हणून बाबा चर्चमध्ये गेले आणि आत्या–"

बोलता बोलता सेसिलनंच तोंडावर हात ठेवला.

डिम्फनानं कप खाली ठेवला. मग लिओ सावकाश म्हणाला, "म्हणजे आजोबा कॅथलिक."

"आणि आजी प्रॉटेस्टंट," एडना म्हणाली.

"म्हणजे माझं बरोबर होतं."

"म्हणजे माझं बरोबर होतं."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. आधी एडनाच्या तोंडून हसू फुटलं, मग लिओच्या. लिओ इतका हसला की सेसिलला त्याच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. "मूर्ख आहोत गं आपण," तो म्हणत राहिला. "एकाच घरात वाढलो!"

"इथं राहिली असती तर दोघांना वेगवेगळं पुरलं असतं," डिम्फना म्हणाली. "तो चॅपलच्या आवारात, ती चर्चच्या. मध्ये अख्खं गाव."

"आमच्याकडं विचारणारं कुणी नव्हतं," एडना म्हणाली. "बाबांनी दोघांना शेजारी ठेवलं, बस्स." जादाचा रुमाल आत्ता लागला, पण तो डिम्फनाला स्वतःलाच.

दुसऱ्या दिवशी फादरांनी चॅपलच्या जुन्या नोंदींत जॉन्स्टनांचे मुलगे शोधून दिले आणि चर्चचे पाद्री रेक्टरसाहेब यांनी तिथल्या नोंदींत मुली. डिम्फनाला त्यात नवल वाटलं नाही. तिनं पाहुण्यांना टेकडीआडचं जोतं दाखवलं. तिथून एक वाट उतरते आणि काटेरी कुंपणापाशी फुटते. डावीकडं चॅपल, उजवीकडं चर्च. टपालाच्या दिवसांत तिथं ती शेकडो वेळा दम खायला थांबली होती. तिथपर्यंत सगळं कुटुंब एकत्र चालत येत असणार, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

रविवारी ती भावंडं त्याच वाटेनं निघाली. फाट्यावर एडनानं भावाचा गळपट्टा नीट केला आणि ती उजवीकडं वळली. डिम्फना लिओला घेऊन डावीकडं गेली.

चॅपलमधली उपासना, मिस्सा, लवकर आटोपली. दोघं परत येऊन फाट्यावरच्या बुटक्या भिंतीवर बसली. ऊन चढलं. लिओनं चारदा घड्याळ पाहिलं. मग वळणावर एडना दिसली, सेसिलच्या हाताला धरून, टोपी तिरकी झालेली.

"किती वेळ गं!"

"प्रवचन संपेचना रे! पुढच्या बाकावर बसले होते, उठू कशी?"

"बरं, ते जाऊ दे. मी इथं बसून ठरवलंय. दगडावर आजोबांच्या नावाखाली प्रार्थना, आजीच्या नावाखाली तिच्या स्तोत्राची ओळ."

"मीही तेच ठरवलं," एडना म्हणाली. "पण आजीचं नाव वर."

"वर? का म्हणून?"

"आधी ती गेली."

"पण घर कुणाचं होतं?"

"घर? घर चालवलं कुणी?"

दोघं हातात हात घालून, तावातावानं भांडत डिम्फनाच्या घराकडं चालू लागली. मागून सेसिलनं विचारलं, "आता गं?"

"आता काय," डिम्फना म्हणाली, "चल, किटली चढवू."