उजव्या पायाचा फोटो

आमच्या हॉस्पिटलात ऑक्सिजन चेंबर येणार हे ठरलं, तेव्हा मेट्रनबाईंनी प्रशिक्षणासाठी माझं नाव दिलं. ड्रेसिंग विभागात मी सहा वर्षं काढलेली. मधुमेहाच्या जखमा रोज माझ्या हाताखालून जातात, म्हणून नाव माझंच येणार होतं. प्रशिक्षण दोन दिवसांचं, परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात. मेट्रनबाई म्हणाल्या, "तुला तर जवळच आहे. डिलाईल रोडवरून चालत जाशील."

मी हो म्हटलं. त्याच हॉस्पिटलातल्या त्याच चेंबरमध्ये माझी आई दोन महिने उपचाराला जात होती, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही. आई जाऊन तेव्हा सात वर्षं होत आली होती.

आई महापालिकेच्या शाळेत शिपाई होती. मधुमेह जुना, पायाची जाणीव गेलेली. चपलेतला खिळा टाचेत रुतला होता आणि तिला दोन दिवस पत्ता नव्हता. उजवी टाच चिघळली, भरेना. मग कुणीतरी या चेंबरचं सुचवलं. ती एक लोखंडी बंद खोली असते. आत हवेचा दाब वाढवतात आणि तोंडाला मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन देतात, म्हणजे जखमेच्या उपाशी मांसापर्यंत तो पोचतो. आई त्याला पाणबुडी म्हणायची. "आज पाणबुडीत माझ्या शेजारी एक शेठ होता," ती घरी येऊन सांगायची. "त्याला पण तोच मास्क, मला पण तोच." आग लागायची भीती म्हणून आत जाताना डोक्याला तेल चालायचं नाही, त्याचा मात्र तिला वैताग. "डोकं नुसतं गवत झालंय बघ," म्हणायची.

टाच भरत आली तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी फोटो काढायची परवानगी मागितली. आईने मराठीत झोकदार सही केली आणि चाळीत सगळ्यांना सांगितलं, "माझ्या पायावर डॉक्टर लोक शिकणारेत."

हे मी पार विसरले होते. पहिल्या दिवशी सकाळी सभागृहात बसेपर्यंत विसरलेलीच होते.

तिसेक जण होतो आम्ही. बरेचसे डॉक्टर, काही नर्स, दोन-तीन टेक्निशियन. शिकवणारे डॉक्टर पन्नाशीचे, आवाज मऊ. दाबाचं गणित, कानाची काळजी, कुणाला आत पाठवायचं, कुणाला नाही, हे सगळं त्यांनी नीट समजावलं. मग म्हणाले, "आता एक केस बघू. चोपन्न वर्षांच्या बाई, मधुमेह, उजव्या टाचेला जखम."

पडद्यावर पाय आला. जखम मी नंतर बघितली. आधी बघितली बोटं. अंगठ्याशेजारची दोन बोटं नखापर्यंत एकमेकांना चिकटलेली. माझीही तशीच आहेत. बुटातल्या बुटात मी बोटं आखडून घेतली.

भिंतीएवढा आईचा पाय. पहिल्या फोटोत टाचेला खड्डा, कडा पांढऱ्या, तळाला पिवळं. दहा वेळा चेंबरमध्ये गेल्यानंतरचा फोटो, वीस वेळा गेल्यानंतरचा. खड्डा लाल होत गेला, लहान होत गेला. माझ्या शेजारी बसलेल्या डॉक्टरीणबाई भराभर लिहून घेत होत्या. मी पेन हातात धरून नुसती बसले होते. घरात आईचे फोटो आहेत, लग्नातले, जयंतीच्या मिरवणुकीतले, पण त्यात तिचे पाय कुठे दिसत नाहीत.

शेवटचा फोटो दोन्ही तळव्यांचा होता, निळ्या चादरीवर शेजारी शेजारी. उजवी टाच भरलेली, गुलाबी, नवी. मागून कुणीतरी "वा!" म्हणालं. डॉक्टर म्हणाले, "हा पाय आपण वाचवला."

माझी नजर डाव्या पायावर गेली. अंगठ्याखाली, चवड्यावर, जाड घट्टा होता आणि त्या घट्ट्याच्या मधोमध एक काळा ठिपका.

आई त्या डाव्या पायाने गेली. हा फोटो काढल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात तिला ताप भरला, चवडा काळा पडला, वास यायला लागला. जवळच्या दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं. त्यांनी गुडघ्याखालून पाय काढला, पण विष रक्तात पसरलं होतं. सात आठवड्यांच्या आत सगळं संपलं. आणि ते सगळं त्या फोटोत आधीच दिसत होतं. पडद्यावर, उजेडात, इतक्या शिकलेल्या माणसांसमोर. कुणी बघितलं नव्हतं.

स्लाइड बदलली. पुढचं व्याख्यान मला आठवत नाही. जेवणाच्या सुट्टीत ताट तसंच ठेवलं. डॉक्टरांना काय विचारायचं ते मी मनात घोळवत होते. तुम्हाला दिसला नाही का? एवढंच विचारायचं होतं.

दुपारी आम्हाला आठ-आठ जणांच्या गटाने चेंबरमध्ये नेणार होते, पेशंटला आत काय वाटतं ते कळावं म्हणून. घड्याळ, मोबाइल बाहेर ठेवले, सुती कपडे चढवले. टेक्निशियनने विचारलं, "कुणी डोक्याला तेल लावलंय का?" सगळे हसले. मी बाकाच्या कडेला बसले. दार बंद झालं, हवा सूं सूं करत आत यायला लागली. उकडायला लागलं, कानांना दडे बसल्यासारखं झालं, बोलणाऱ्यांचे आवाज पातळ झाले. आई यातल्या कुठल्या जागेवर बसायची, मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

मास्कमध्ये आपलाच श्वास मोठ्याने ऐकू येतो, दुसरं काही नाही. त्या आवाजात मला आईचं बोलणं आठवलं. आठवलं म्हणजे सरळ ऐकूच आलं.

"अगं, हे डांबर लागलंय बघ पायाला. जातच नाही."

चाळीसमोरचा रस्ता तेव्हा नवा करत होते. सगळ्यांच्या चपलांना डांबर लागायचं. आई मोरीच्या कठड्यावर बसलेली, डावा पाय मांडीवर घेतलेला. नर्सिंगची माझी शेवटची परीक्षा चार दिवसांवर होती. पुस्तकातून मान वर न करता मी म्हटलं होतं, "खोबरेल लाव, निघेल. आता तेल चालतंय ना तुला."

त्या दिवशी माझ्या मांडीवर कुठलं पुस्तक होतं तेही आठवलं. मधुमेही पायाची काळजी त्यात होती. रोज दोन्ही तळवे बघा, असं त्यात लिहिलेलं होतं, आणि मी ते पाठ केलं होतं.

वर यायला लागलो, म्हणजे दाब उतरवायला लागले, तेव्हा आत एकदम गारवा आला आणि धुकं पडलं. खरंखुरं, पांढरं. समोरच्या बाकावरची माणसं पुसट झाली. आई सांगायची, आत धुकं पडतं म्हणून. मला ते खोटं वाटायचं. ते विरेपर्यंत मी समोर बघितलं नाही. कुणीतरी दिसेल अशी भीती वाटली.

वर्ग सुटल्यावर डॉक्टर लॅपटॉप आवरत होते. मी जवळ गेले.

"सर, सकाळची ती टाचेची केस. त्या बाई आता कशा आहेत?"

त्यांनी आठवून बघितलं. "फॉलो-अपला आल्या नाहीत बहुतेक. बरं वाटलं की पेशंट येत नाहीत, तुम्हाला माहितीये सिस्टर."

"त्या वारल्या, सर. त्या फोटोनंतर दोन महिन्यांच्या आत. माझी आई होती."

ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "टाच परत उघडली?"

"टाच शेवटपर्यंत चांगली होती. तो शेवटचा फोटो परत लावता का?"

त्यांनी लॅपटॉप उघडला. मी डाव्या पायावर बोट ठेवलं. त्यांनी फोटो मोठा केला. ठिपका बटणाएवढा झाला, मग वाटीएवढा.

"घट्ट्याखाली रक्त साकळलंय," ते म्हणाले. पहिले दोन शब्द शिकवण्याच्या आवाजात आले, पुढचा आवाज बसला. "उजव्यावर भार द्यायचा नाही म्हणून दोन महिने सगळा भार डाव्यावर. इथून सुरुवात आहे ही." मग बराच वेळ ते पडद्याकडे बघत राहिले. "फोटो मीच काढलाय. दर वर्गात दाखवतो. किती वर्षं झाली."

मी जे विचारायला आले होते ते ओठांवर होतं. पण तोंडातून भलतंच आलं. "मला तिने दाखवला होता, सर. घरात. मी बघितला नाही."

त्यांनी माझी समजूत घातली नाही, याचं मला बरं वाटलं. मग म्हणाले, "तुमची हरकत असेल तर उद्यापासून हा फोटो काढून टाकतो."

"काढू नका. पण पुढचं सांगत जा."

घरी आले तर बाबा दिवेलागणीचा चहा करत होते. ते गिरणी बंद झाल्यापासून मिळेल ते काम करत आले आणि आता घरीच असतात. मी सांगितलं की आईच्या पायाचे फोटो वर्गात दाखवले. ठिपक्याचं सांगितलं नाही. त्यांनी गॅस बारीक केला.

"तिचेच? नक्की?"

"बोटं आहेत ना."

"मला आणशील?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पहिल्याच तासाला तो फोटो लावला आणि विचारलं, "काय दिसतंय?" सगळ्यांनी सांगितलं, उजव्या टाचेची भरलेली जखम. ते थांबून राहिले. मग मागच्या रांगेतला एक टेक्निशियन चाचरत म्हणाला, "सर, डाव्या पायाला काही आहे का?"

"आहे," डॉक्टर म्हणाले. "मला इतकी वर्षं दिसलं नाही." आणि त्यांनी पुढचं सगळं सांगितलं, पाय काढल्याचं, बाई गेल्याचं. ती माझी आई होती हे सांगू नका असं मी म्हटल्यामुळे माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी वहीत "दोन्ही पाय" असं लिहून खाली रेघ मारली. मग आणखी एक मारली. मी त्या रेघांकडे बघत बसले.

सुटताना डॉक्टरांनी फोटो माझ्या फोनवर पाठवला. चालत घरी येताना मी डिलाईल रोडला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि फोटोतली डाव्या पायाची बाजू कापून टाकली. बाबांना तो ठिपका बघायला लागू नये एवढंच मनात होतं.

बाबांनी चष्मा पुसला, फोन लांब धरला. बोटांवरून अंगठा फिरवला, तसा फोटो सरकला, तो त्यांनी परत जागेवर आणला.

"किती स्वच्छ धुतलाय पाय," ते म्हणाले. मग म्हणाले, "डावा नाही आला?"

"नाही."

"एकाच पायाचा काढला?"

त्यांच्याकडे बघून मला पुन्हा खोटं बोलता येईना. फोन घेतला, मूळ फोटो काढला, परत त्यांच्या हातात दिला. त्यांना दाखवावं लागलं नाही. त्यांचं बोट सरळ त्या ठिपक्यावर गेलं.

"हे ते डांबर," बाबा म्हणाले.

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"तिला वाकता येत नव्हतं नीट. मला म्हणाली, तुम्ही घासून द्या. मी वज्रीने घासलं. दोन दिवस घासलं. रक्त आलं थोडं, तर म्हणाली, दुखत नाही हो, घासा." त्यांनी फोन पालथा ठेवला. "दुखणार कुठून. तिला कळतच नव्हतं पायाचं. मला तरी कळायला पाहिजे होतं."

"बाबा, मला तिने आधी दाखवलं होतं. मी तेल लाव म्हटलं."

ते माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "मी नर्सिंग शिकत होते. मला माहीत होतं."

खाली मैदानात मुलांचं क्रिकेट चाललं होतं, त्यांची भांडणं वर ऐकू येत होती. बाबा उठले, पाणी प्यायले, परत येऊन बसले.

"सात वर्षं एकाच घरात राहतोय आपण," ते म्हणाले.

त्यानंतर आम्ही आईविषयी बोलायला लागलो. फार नाही, अधूनमधून. ती गेल्यापासून घरात तिचं नाव कुणी घेत नव्हतं. बाबांना वाटायचं, मला त्रास होईल. मला वाटायचं, त्यांना. एकदा त्यांनी विचारलं, तू त्या डॉक्टरवर चिडली नाहीस का. मी म्हटलं, गेले होते चिडायलाच.

आमच्या हॉस्पिटलात चेंबर आला. मी आता त्यात पेशंटबरोबर आत बसते. हवा भरायला लागली की म्हाताऱ्या बायका माझा हात घट्ट धरतात, मी त्यांना गिळायला सांगते, जांभई द्यायला सांगते. वर येताना धुकं पडतं तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडेच बघते. इकडेतिकडे बघत नाही.

त्या डॉक्टरांचा नवा वर्ग असला की आदल्या दिवशी मला मेसेज येतो, उद्या दाखवणार आहे म्हणून. मी त्यांना तसं करायला सांगितलेलं नाही. मी बाबांना सांगते. त्या सकाळी ते कुठे बाहेर पडत नाहीत, टीव्ही लावत नाहीत. "आज तिला बघतील," म्हणतात आणि जेवायची वेळ होईपर्यंत खिडकीपाशी बसून राहतात.