आत्याबाईंचा ऐकायचा डबा

अक्का, आम्ही डाळज सोडलं त्या सकाळी टेम्पो मागं घेताना ड्रायव्हरनं तीनदा हॉर्न वाजवला, आणि आत्याबाई चाकामागं तशाच उभ्या राहिल्या. आमच्या कपाटाची दोरी आवळलीय का बघत होत्या. आबांनी दंडाला धरून ओढलं म्हणून वाचल्या. सगळे ओरडत होते आणि त्या मलाच म्हणाल्या, "तोंड का पाडलंस एवढं? बारामतीलाच चाललीस न्हवं?"

हे माझ्या थोरल्या जाऊबाईंसाठी, म्हणजे अक्कांसाठी लिहितेय. बारामतीत वाढलेल्या माझ्या पोरानातवंडांनीही वाचावं, म्हणून अक्कांना ठाऊक असलेलंही सांगते: आबा म्हणजे थोरले दीर, आत्याबाई माझ्या सासूबाई, तेव्हा कानांनी पार गेलेल्या. ही गोष्ट ब्याण्णव-त्र्याण्णवची.

बारामतीत एक खोली, बाहेर नळ, आणि यांना एमआयडीसीत तीन पाळ्या. मी रेडिओचे सुटे भाग जोडणाऱ्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये लागले. दहा बाया एका टेबलावर, हातात तापलेली सोल्डरिंगची सळई. चार महिन्यांत मी बाई स्वतःला इंजिनीअर समजायला लागले. नववी नापास इंजिनीअर! पण तो हॉर्न काही डोक्यातून जाईना. शेवटी तिथल्या मिस्त्रींकडून ऐकायच्या यंत्राच्या जोडणीचा नकाशा उतरवून घेतला आणि घरी स्टोव्हशेजारी बसून डबा बनवला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ट्रान्सफॉर्मर, दोन जाडे ट्रान्झिस्टर, पुढं माइक, कानाला हेडफोन. मिस्त्रींनी बजावलं होतं, "बाई, आतली ऊब बाहेर जाऊ द्या, नाहीतर जळंल." म्हणून झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली.

डाळजला नेऊन लावला तेव्हा आत्याबाईंनी पहिलं वाक्य ऐकलं ते तुमचं. तुम्ही म्हणालात, "म्हातारीला आता समदं कळणार!" त्या पदरावरचा हेडफोन सावरत म्हणाल्या, "कळत आदी बी हुतं. आता ऐकू बी येतंय." आबा हसून हसून खोकले. त्या दिवशी चार वर्षांनी त्या सगळ्यांच्या बोलण्यात बसल्या. कोण किती बोलतं, याचा हिशेब घ्यायलाच जणू.

इथं थांबले असते तर शहाणी ठरले असते. पण तुमच्या टीव्हीवर क्रोशाचा मोर, रेडिओवर क्रोशाची बदकं, शिलाई मशीनवरसुद्धा झालर. त्या थाटात माझा पत्र्याचा डबा उघडा पडला. पुढच्या खेपेला मी कव्हर विणून आणलं. जाड लोकर, चारी बाजूंनी घट्ट, खाली मण्यांची झालर. तुमच्या मोरापेक्षा वरचढ व्हावं म्हणून दोन रंग जास्त घातले.

उन्हाळ्यात निरोप आला: डब्यातून धूर आला, आत्याबाईंची बोटं पोळली, आबा डबा उकिरड्यावर टाकायला निघालेत. मी मीटर आणि सिरीज बल्ब पिशवीत घालून मिळेल ती एसटी धरली. भिगवणपर्यंत एकच विचार: डबा मेला असेल तर आत्याबाई परत मुक्या जगात जाणार.

घरात सगळे उभे. आत्याबाई भिंतीला टेकून, बोटांना हळद. मी कव्हर काढलं. आतून तपकिरी, करपलेल्या केसांसारखा वास. झाकणाची भोकं बरोब्बर लोकरीनं बुजलेली. मला तिथंच कळलं.

तरी तपासलं सगळं. एक रेझिस्टर काळा पडला होता, तो बदलला. डबा थेट विजेवर न लावता सिरीज बल्बमधून लावला. आत तारा चिकटून शॉर्ट झालं असतं तर बल्ब लख्ख पेटला असता. तो क्षणभर पेटला आणि मंद झाला. मग हेडफोनच्या जागी मीटर लावलं, कानात नको ती वीज जाते का बघायला. काटा हलला नाही. मग हेडफोन आधी माझ्या कानाला लावला. अर्धा तास चालवून डब्यावर हात ठेवला. कोमट. डबा ठणठणीत होता.

आबांनी विचारलं, "काय झालं हुतं गं?"

आणि अक्का, नेमकं तेव्हाच तुम्ही ते करपलेलं कव्हर उचलून म्हणालात, "किती गोजिरं विणलं हुतंस! ह्या डब्यापायी वाया गेलं." सात वर्षांत तुम्ही माझ्या हातच्या कामाला पहिल्यांदा चांगलं म्हणालात. मी म्हणाले, "व्होल्टेज वाढलं असणार."

"व्होल्टेज काय आपल्या हातात हाय व्हय?" आबा म्हणाले. "आज बोटं पोळली, उद्या घर जाईल. ऱ्हाऊ दे." त्यांनी डबा माळ्यावर टाकला. एक वाक्य बोलायचं होतं, "कव्हर घालू नका, बास." इंजिनीअरबाईंची जीभ उचलली नाही.

निघताना आत्याबाई दारापर्यंत आल्या. माझ्या पिशवीकडं बघत म्हणाल्या, "कव्हर घालायच्या आदी न्हवता तापत त्यो."

मी हळूच म्हणाले, "माझंच चुकलं, आत्याबाई."

"काय? मोठ्यानं बोल की."

आत तुम्ही भाकरी थापत होता. मी मान हलवली, काही नाही म्हणून. त्या माझ्याकडं बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "बरं. जा. एसटी चुकंल."

त्यानंतर त्या सहा वर्षं होत्या. दर खेपेला ठरवायचे, या वेळी सांगायचं आणि डबा खाली काढायचा. जेवण व्हायचं, निघायची वेळ व्हायची. त्या ओसरीवर बसून सगळ्यांच्या ओठांकडं बघायच्या.

आता बारामतीत आमचे चार खण आहेत, वर थोरल्या मुलाचा मजला. तरी कुणी घर कुठलं विचारलं की मी डाळजच सांगते. वाटतं, माणूस जिथं खोटं बोलून आलेलं असतं ते घर त्याला सोडत नाही. बाकीची सगळी नुसती राहायची जागा.

माझा धाकटा मुलगा सांगत होता, तुम्हालाही हल्ली कमी ऐकू येतं. म्हणून फोन केला नाही, लिहिलं. अक्का, हे कुणाकडून तरी वाचून घ्या. मोठ्यानं. घरातल्या सगळ्यांना ऐकू जाऊ दे.